पाणी कुठवर येणार, ते सांगा

२० जुलै २०२३ च्या सकाळी देशभरातल्या अनेकांचे मोबाइल एकाएकी किंचाळू लागले. मी त्या वेळी बँकेत पासबुक भरून घेण्याच्या रांगेत उभा होतो. रांगेतल्या चार-पाच जणांच्या खिशांतून तो कर्कश आवाज एकदम निघाला आणि पडद्यावर एक चौकट उमटली. माझ्या पुढच्या आजोबांनी फोन हॅक झाला असे समजून तो बंदच करून टाकला. हा दूरसंचार विभागाने पाठवलेला चाचणीचा संदेश आहे, त्याकडे दुर्लक्ष करावे, असे त्या चौकटीत लिहिले होते. आदल्याच रात्री रायगड जिल्ह्यातल्या खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या कुशीतली इर्शाळवाडी दरडीखाली गाडली गेली होती. ठाकर आदिवासींची ही वस्ती जेमतेम सव्वादोनशे माणसांची होती आणि तिथे जायला पायवाटेखेरीज रस्ता नव्हता. सत्तावीस मृतदेह हाती लागले, सत्तावन्न माणसे सापडलीच नाहीत आणि चार दिवसांनी शोध थांबवावा लागला.

मोबाइलवरून इशारा देणारी ही यंत्रणा एक दिवस आधी सुरू झाली असती तर ती माणसे वाचली असती, असे म्हणण्याचा मोह होतो. तो आवरायला हवा. दरडप्रवण गावांच्या यादीत इर्शाळवाडीचे नावच नव्हते, हे सरकारने त्याच आठवड्यात विधिमंडळात सांगितले. त्यामुळे यंत्रणा सज्ज असती तरी त्या रात्री वाडीला कोणता संदेश द्यायचा, कोणी द्यायचा आणि तो ऐकून त्या काळोखात माणसांनी कुठे जायचे, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर कोणापाशी तयार नव्हते. इशारा देण्याची साधने गेल्या काही वर्षांत झपाट्याने सुधारली आहेत आणि त्यांचे स्वागतच केले पाहिजे. पण साधन दारात आले म्हणजे इशाराही आला, हा समज सरकारी पत्रकांतून पसरतो आहे आणि तो धोक्याचा आहे.

आधी साधनाविषयी. एसएमएस म्हणजे प्रत्येक नंबरावर स्वतंत्रपणे टाकलेले पत्र. नंबर लाखोंनी असले की पत्रे रांगेत अडकतात, आणि संकटाच्या वेळी सगळेच एकमेकांना फोन लावत असल्याने रांग आणखी लांबते. त्या सकाळी किंचाळलेल्या सेल ब्रॉडकास्टचे तसे नाही. ती टॉवरवरून दिलेली दवंडी आहे. दवंडीला ऐकणाऱ्याचे नाव लागत नाही. त्या टॉवरच्या टापूत जो चालू फोन असेल त्याला ती ऐकू येते, मग तो फोन गावकऱ्याचा असो की त्या दिवशी गडावर आलेल्या ट्रेकरचा. नेटवर्कवरच्या गर्दीचा तिला फारसा त्रास होत नाही आणि झोपलेल्या माणसाला उठवण्याइतका तिचा आवाज मोठा असतो. दरडी आणि पूर रात्रीची वेळ चुकवत नाहीत, हे लक्षात घेतले तर हा शेवटचा गुण सर्वांत मोलाचा ठरतो. सी-डॉट या सरकारी संस्थेने ही यंत्रणा देशातच विकसित केली आहे. हवामान खाते, केंद्रीय जल आयोग यांसारख्या संस्थांनी तयार केलेले इशारे राज्याच्या आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या संमतीने लोकांपर्यंत नेणारी ‘सचेत’ ही व्यवस्था त्याआधीपासून एसएमएसवर चालू आहेच. जर्मनीसारख्या संपन्न देशालाही, आर नदीच्या खोऱ्यात जुलै २०२१ च्या पुराने हाहाकार उडवल्यानंतर, सेल ब्रॉडकास्ट २०२३ मध्ये सुरू करावे लागले. त्या मानाने आपण मागे आहोत असे म्हणता येणार नाही.

आता संदेशाच्या मजकुराकडे पाहू. पावसाळ्यात आपल्या फोनवर येणारा एसएमएस साधारण असा असतो: पुढील तीन तासांत अमुक जिल्ह्यात तुरळक ठिकाणी विजांच्या कडकडाटासह मुसळधार पावसाची शक्यता. यातला ‘तुरळक’ हा शब्द हवामान खात्याच्या परिभाषेतला आहे. जिल्ह्यातल्या पंचवीस टक्क्यांपर्यंतच्या केंद्रांवर पाऊस पडणार असेल तर तो तुरळक. हवामानशास्त्रज्ञाच्या दृष्टीने ही काटेकोर व्याख्या आहे. पण शिवारात खुरपणी करणाऱ्या बाईला कळायला हवे ते एवढेच की त्या तुरळक ठिकाणांत माझे शिवार आहे की नाही, आणि असेल तर मी आत्ता उठायचे का. ते संदेश सांगत नाही. तिचा फोन बांधावर प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवलेला असतो, ही गोष्ट आणखी निराळी. विजेची आगाऊ सूचना देणारे ‘दामिनी’ हे अॅप पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केले आहे आणि आपल्या भोवतीच्या वीस ते चाळीस किलोमीटरच्या टापूतली वीज ते दाखवते. शास्त्र म्हणून हे काम उत्तम आहे, पण ते स्मार्टफोन हातात घेऊन बसलेल्या माणसासाठी आहे. वीज पडून मरतात ती बहुतेक उघड्यावर काम करणारी माणसे.

रंगांचेही तसेच झाले आहे. पिवळा, नारिंगी आणि लाल हे इशारे जिल्हावार दिले जातात आणि आपले जिल्हे अवाढव्य आहेत. पुणे जिल्ह्यात घाटमाथ्यावर एका दिवसात दोनशे मिलिमीटर पाऊस कोसळत असताना बारामतीत लोक आकाशाकडे डोळे लावून बसलेले असतात. म्हणून हवामान खाते आता घाटमाथ्याचा इशारा वेगळा देते, आणि ही सुधारणा खरोखरच महत्त्वाची आहे. तरीही सर्वसामान्य माणसाच्या लेखी रेड अलर्टचा व्यवहारातला अर्थ शाळेला सुट्टी एवढाच उरला आहे. सुट्टी जाहीर व्हावी आणि लख्ख ऊन पडावे, असे वर्षातून दोन-तीनदा होतेच. लांडगा आला रे आला, असे किती वेळा ऐकून घ्यायचे यालाही मर्यादा असते.

याउलट उदाहरण पाहायचे असेल तर कोल्हापूरला जावे. पंचगंगेची राजाराम बंधाऱ्यापाशी मोजलेली पातळी ३९ फुटांवर गेली की इशारा आणि ४३ फुटांवर गेली की धोका, हे तिथल्या शाळकरी पोरालाही पाठ असते. जुलैत एखाद्या टपरीवर दहा मिनिटे उभे राहिले तर ‘आता किती झालं?’ हा प्रश्न कानावर पडतो आणि उत्तर फूट-इंचांत येते. या आकड्यांना अर्थ आहे, कारण कितीला कुठले पाणी कुठल्या गल्लीत शिरते, हे लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या पाहिलेले आहे. सुतारवाड्याची पाळी आधी येते, तिथल्या कुटुंबांनी चित्रदुर्ग मठात जायचे असते, आणि हे सांगायला दरवर्षी नव्या परिपत्रकाची गरज लागत नाही. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी तेच घडते. पातळी चाळीस फुटांकडे सरकू लागली की सूर्यवंशी प्लॉट आणि दत्तनगरातली माणसे कपाटावरच्या ट्रंका उतरवू लागतात. पुण्यात मुठा नदीवरचा सखल भिडे पूल हीच मोजपट्टी आहे. खडकवासला धरणातून इतके हजार क्युसेक पाणी सोडले या वाक्याने ज्यांच्या चेहऱ्यावरची रेषही हलत नाही, ते ‘भिडे पूल पाण्याखाली’ म्हटल्याबरोबर नदीकाठची गाडी काढायला धावतात. २५ जुलै २०२४ च्या पहाटे विसर्ग पस्तीस हजार क्युसेकवर गेला आणि सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत घरांत पाणी शिरले, तेव्हा आम्हाला कोणी सांगितलेच नाही अशी तक्रार रहिवाशांनी केली. प्रशासनाने कुठे काय कळवले होते, याचा वाद बाजूला ठेवू. पस्तीस हजार क्युसेक म्हणजे तुमच्या इमारतीच्या वाहनतळात छातीइतके पाणी, हे वाक्य आदल्या रात्री त्या सोसायटीच्या फाटकावर कोणी उच्चारले होते काय, एवढाच माझा प्रश्न आहे.

अर्थात स्थानिक खुणांवर भाबडेपणाने विसंबण्यातही धोका आहे, आणि तो कृष्णाकाठाने २०१९ मध्ये भोगला. २००५ चा महापूर ज्यांच्या आठवणीत होता, त्यांतल्या अनेकांनी तेव्हा पाणी इथवरच आले होते, असे म्हणून घर सोडले नाही. या खेपेला आयर्विनपाशी पाणी ५७ फुटांच्या पुढे गेले. पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला वेढ्यात अडकलेल्या लोकांना घेऊन निघालेली बोट उलटली आणि माणसे बुडाली. लोकांची आठवण ही मोजपट्टी आहे, पण तिच्यावर उद्याचा आकडा लिहिलेला नसतो. तो लिहिणे हे सरकारचे काम. वरच्या धरणांत किती साठा आहे, खाली कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाची स्थिती काय आहे, पाणलोटात किती पाऊस पडणार आहे, हे ज्यांना कळते त्यांनी ‘२००५ पेक्षा चार फूट वर येईल’ असे एका ओळीत सांगावे. हवामानशास्त्राचा अंदाज आणि गावाची खूण यांची अशी गाठ घालून दिली, की तिला मी इशारा म्हणेन. बाकी सगळी माहिती आहे.

मग ती एक ओळ का लिहिली जात नाही? कारण चुकली तर काय, ही धास्ती. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ मध्ये आला आणि जिल्हाधिकारी जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष झाले. पण इशारा दिला आणि पाणी आले नाही तर अधिकाऱ्याला विचारणा होते, आणि मोघम इशारा देऊन पाणी आले तर ‘आम्ही कळवले होते’ असे फाइलवर दाखवता येते. या हिशेबात मोघमपणाच फायद्याचा ठरतो. हा दोष आपल्यापुरता नाही. २९ ऑक्टोबर २०२४ रोजी स्पेनच्या व्हॅलेन्सियात तिथल्या हवामान संस्थेने सकाळीच लाल इशारा दिला होता. लोकांच्या मोबाइलवर तो कर्कश संदेश पाठवण्याचा अधिकार प्रांतिक सरकारकडे होता. तो संदेश गेला संध्याकाळी आठ वाजून अकरा मिनिटांनी, म्हणजे अनेक गावे पाण्याखाली गेल्यानंतर. दोनशे वीसहून अधिक माणसे गेली. तंत्रज्ञान हाताशी होते आणि ते बिघडलेलेही नव्हते. फक्त बटण दाबायचे की नाही हे ठरवायला दिवस गेला. हवाई बेटांवरच्या लाहाइना गावाला ऑगस्ट २०२३ मध्ये वणव्याने वेढले तेव्हा तिथले भोंगे वाजवलेच गेले नाहीत. ते भोंगे त्सुनामीसाठी ओळखले जातात, ते ऐकून लोक डोंगराकडे, म्हणजे आगीच्या दिशेने गेले असते, असे समर्थन संबंधित अधिकाऱ्याने केले आणि दुसऱ्याच दिवशी त्याला पद सोडावे लागले. मला त्या समर्थनात थोडे तथ्य दिसते, आणि म्हणूनच ते अधिक अस्वस्थ करते. एकाच आवाजाचा अर्थ लोकांना एकाच तऱ्हेने शिकवलेला असेल, तर दुसऱ्या संकटात तो आवाज निरुपयोगी होतो.

भोपाळला १९८४ च्या विषारी वायुगळतीत हेच, आणि याहून भीषण रीतीने, घडले. कारखान्याचा भोंगा किरकोळ गळतीलाही वाजत असे. आसपासच्या वस्तीला उगाच भय वाटू नये म्हणून बाहेर ऐकू जाणारा भोंगा लवकर बंद करण्याची पद्धत पाडली गेली होती. त्या रात्री तो थोडा वेळ वाजला आणि थांबला. लोक घाबरतील, चेंगराचेंगरी होईल, हे कारण प्रत्येक उशिराच्या मुळाशी सापडते. वास्तविक साठ वर्षांपूर्वीच एन्‍रिको क्वारांटेली यांच्यासारख्या समाजशास्त्रज्ञांनी संकटात सापडलेल्या शेकडो माणसांशी बोलून दाखवून दिले की सैरावैरा पळणे हा अपवाद असतो; बहुतेक माणसे आधी शेजाऱ्याला विचारतात, घरच्यांना गोळा करतात आणि मग हलतात. उलट त्यांच्या हलण्याला वेळ लागतो, हीच खरी अडचण आहे. चक्रीवादळाची सूचना काही दिवस आधी मिळूनही मे २०२१ मध्ये मुंबईच्या समुद्रात पी-३०५ हा तराफा जागेवरच राहिला आणि तौक्ते वादळात बुडाला. सत्तरहून अधिक कामगारांचे प्राण गेले. तिथे कोणी घाबरून पळाले नाही. घाबरायला हवे होते.

म्हणून माझे म्हणणे असे आहे की इशारा देण्याचा अधिकार खाली उतरवला पाहिजे. तालुक्यात तहसीलदाराला ठरावीक गावांपुरता सेल ब्रॉडकास्ट सोडता यावा, त्यासाठी मुंबईच्या संमतीची वाट पाहावी लागू नये, आणि सद्हेतूने दिलेला इशारा खोटा ठरला म्हणून त्याच्यावर ठपका येणार नाही, हे शासन निर्णयात स्पष्ट लिहिलेले असावे. यावर आक्षेप येईल की इतक्या हातांत बटण दिले तर गोंधळ माजेल. हवाईतच १३ जानेवारी २०१८ रोजी एका कर्मचाऱ्याने क्षेपणास्त्र येत असल्याचा खोटा संदेश साऱ्या राज्याला पाठवला आणि तो मागे घ्यायला अडतीस मिनिटे लागली. पण ती अडतीस मिनिटे गेली ती मागे घेण्याचा मजकूर आधी तयार ठेवला नव्हता म्हणून. इशाऱ्यांचे मसुदे आधी तयार असावेत, प्रत्येक संदेशाला दोघांची संमती लागावी, ‘धोका टळला’ असे सांगणारा संदेश त्याच जोडीने लिहून ठेवलेला असावा, हा त्यावरचा इलाज आहे. सगळी बटणे राजधानीत नेऊन ठेवणे हा नव्हे.

खालून इशारा देता येतो, याचा अनुभव आपल्याकडेच आहे. पुणे, नाशिक, सातारा अशा जिल्ह्यांतल्या अनेक गावांत ग्राम सुरक्षा यंत्रणा चालते. गावातल्या माणसाने ठरलेल्या क्रमांकावर फोन करून आपल्या आवाजात सांगायचे की अमक्याच्या उसात बिबट्या आहे, आणि तेच शब्द गावातल्या सगळ्या फोनांवर एकाच वेळी वाजू लागतात. अॅप नको, इंटरनेट नको, वाचता येण्याचीही गरज नाही. ओळखीच्या आवाजावर माणसाचा जेवढा विश्वास बसतो तेवढा अनोळखी चौकटीवर बसत नाही, आणि सगळी भानगड शेवटी विश्वासाचीच आहे. ओडिशाने हे मोठ्या प्रमाणावर करून दाखवले. १९९९ च्या महाचक्रीवादळात तिथे सुमारे दहा हजार माणसे मेली. २०१९ च्या फणी वादळाच्या आधी दहा लाखांहून अधिक लोकांना हलवले गेले आणि मृतांचा आकडा शंभराच्या आत राहिला. किनाऱ्यावर भोंग्यांचे मनोरे उभे राहिले, लाखो संदेश गेले, हे खरेच. पण आसऱ्याच्या इमारती आधी बांधल्या गेल्या होत्या आणि कोणत्या घरातल्या म्हातारीला कोणी उचलायचे, हे गावातल्या स्वयंसेवकांना माहीत होते.

बातमी खालून वर जाण्याची वाट तर आपण जवळजवळ बांधलेलीच नाही. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातले माळीण गाव दरडीखाली नाहीसे झाले, ते जगाला कळले एसटीच्या चालकामुळे; नेहमीच्या फेरीला तो गेला आणि गाव जागेवर नव्हते. महाड तालुक्यातल्या तळियेवर २२ जुलै २०२१ च्या दुपारी दरड आली आणि बाहेरची मदत पोहोचायला दुसरा दिवस उजाडला, कारण खाली महाड स्वतःच पाण्यात होते. डोंगरउतारावर भेगा पडल्या, झऱ्याचे पाणी गढूळ झाले, झाडे कलली, या खुणा सगळ्यांत आधी दिसतात त्या गुराख्याला. त्याने कोणाला सांगायचे? तलाठी सजाला असतो, पोलीस पाटील खालच्या गावात, आणि टोल फ्री क्रमांकावर ‘आपण रांगेत आहात’. प्रत्येक दरडप्रवण वाडीत दोन माणसे, त्यांतली एक बाई, नेमून त्यांना साधे पर्जन्यमापक द्यावे आणि एका दिवसात अमुक मिलिमीटरच्या वर पाऊस गेला की कोणाला न विचारता वाडी खालच्या शाळेत हलवण्याची मुभा द्यावी. एका वाडीमागे याला फार खर्च येत नाही.

आणि फोनच बंद पडले तर? ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर रायगड-रत्नागिरीच्या कित्येक गावांत वीज नव्हती आणि मोबाइलला रेंज नव्हती, ती दिवसच्या दिवस. किल्लारीच्या भूकंपात, ३० सप्टेंबर १९९३ ला, हौशी रेडिओचालकांनी निरोप पोहोचवले होते. आज तालुक्याच्या ठिकाणी असा संच चालवणारे कोणी आहे का, हे एकदा मोजून पाहावे. मे २०२५ मध्ये युद्धसज्जतेची रंगीत तालीम झाली तेव्हा नव्या पिढीने प्रथमच भोंगा ऐकला आणि वर-खाली होणारा आवाज म्हणजे धोका, एकसुरी आवाज म्हणजे धोका टळला, हे अनेकांना त्या दिवशी पहिल्यांदा कळले. ही तालीम पावसाळ्याच्या तोंडावर नदीकाठी आणि घाटाखाली दरवर्षी का होऊ नये, याचे समाधानकारक उत्तर मला कोणी दिलेले नाही.

एक काम मात्र आत्ताच करता येईल, त्याला नवी यंत्रणा लागत नाही. जलसंपदा विभागाच्या नकाशांवर नद्यांच्या पूररेषा आखलेल्या आहेत: पंचवीस वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची निळी आणि शंभर वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची लाल. २०२१ च्या पुरानंतर चिपळूणमध्ये या रेषांवरून केवढे रणकंदन झाले, कारण त्यांच्या आत बांधकामाची परवानगी अडकते. त्या रेषा बिल्डरांच्या आणि वकिलांच्या फाइलींत आहेत. त्याच उंचीवर विजेच्या खांबांवर, शाळेच्या भिंतीवर, एसटी स्थानकाच्या कठड्यावर निळ्या-लाल रंगाचा पट्टा ओढावा आणि शेजारी २००५, २०१९, २०२१ ची पातळी लिहावी. म्हणजे उद्या फोन किंचाळेल तेव्हा त्यातल्या संदेशाला एवढेच लिहावे लागेल: पहाटे चारपर्यंत पाणी निळ्या पट्ट्याच्या वर, दोन नंबरच्या शाळेत या.